पुस्तक मिटल्यावर

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस काशीत एक पारायण पूर्ण झाले आणि त्याची बातमी महाराष्ट्रभर वाचली गेली. अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतले सुमारे २००० मंत्र दंडक्रमात, पोथी समोर न ठेवता, ५० दिवसांत म्हणून दाखवले. या प्रकारचे आधीचे पारायण सुमारे २०० वर्षांपूर्वी नाशिकमध्ये वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केले होते, असे तेव्हा आवर्जून सांगितले गेले. बातमीवर कौतुकाचा वर्षाव झाला, आणि बहुतेक कौतुक ‘काय ही स्मरणशक्ती!’ या उद्गारापाशी थांबले. स्मरणशक्ती ही देवाघरची देणगी, ती एखाद्यालाच मिळते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की अशा माणसाने पाठ कसे केले, हा प्रश्न सुचतही नाही. त्याच नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्यापासून सिडको-सातपूरपर्यंत कोणत्याही शाळेत गेलात तर प्रत्येक वर्गात काही मुलांविषयी एक वाक्य ऐकू येते : ‘वाचतो खूप, पण लक्षात राहत नाही.’ हे वाक्य पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात, आणि हळूहळू मूल स्वतःविषयी म्हणू लागते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहायला हव्यात, कारण माझ्या मते त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. लक्षात न राहण्याची तक्रार असलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांची स्मृती अधू नसते. त्यांच्याकडून माहिती आत घालण्याचे काम भरपूर करून घेतले जाते. आत गेलेले बाहेर काढण्याचे काम मात्र परीक्षेच्या दिवसापर्यंत करवून घेतले जात नाही.

असा विद्यार्थी अभ्यास म्हणून नेमके काय करतो ते आधी पाहू. तो धडा वाचतो. पुन्हा वाचतो. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा रंग फासतो, आणि अर्ध्याहून अधिक पान पिवळे होते. मार्गदर्शकातली उत्तरे वहीत उतरवून काढतो. अपेक्षित प्रश्नसंच हाती असतो, पण त्यातले प्रश्न सोडवायचे असतात हे विसरून त्याखालची उत्तरेच वाचतो. तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा वाटतो, पुढचे वाक्य डोळ्यांच्या आधी मनात येते, आणि ‘झाला हा धडा’ म्हणून पुस्तक मिटले जाते. फसगत होते ती इथेच. समोर दिसल्यावर ओळखणे आणि समोर काही नसताना आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. गल्लीत रोज दिसणारा माणूस आपण लगेच ओळखतो, म्हणून त्याचे नाव आठवतेच असे नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी हा फरक आकड्यांत दाखवला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतरच्या तीन वेळा उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल, हा अंदाज विचारला असता वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक निघाला, हा त्या प्रयोगाचा सगळ्यात बोलका भाग आहे. ज्या पद्धतीने कमी टिकते तीच पद्धत करताना जास्त समाधान देते. विद्यार्थी आळशी असतो म्हणून चुकीची पद्धत धरत नाही. ती त्याला बरोबर वाटते म्हणून धरतो.

हे काही नवे संशोधन नाही. १९१७ मध्ये आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले होते, की अभ्यासाच्या वेळेतला अर्ध्याहून अधिक भाग पुस्तकातून मान वर करून म्हणून पाहण्यात गेला तर फळ अधिक चांगले मिळते. १९३९ मध्ये आयोवा राज्यात सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांवर हर्बर्ट स्पिट्झर यांनी हेच मोठ्या प्रमाणावर पडताळले. २०१३ मध्ये जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचे सारे पुरावे एकत्र तपासले, तेव्हा सर्वाधिक उपयुक्त म्हणून दोनच ठरल्या : स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे. पुन्हा पुन्हा वाचणे, रेघा मारणे आणि सारांश काढणे या तिन्ही पद्धती कमी उपयोगाच्या रांगेत गेल्या. आपल्याकडे अभ्यास या शब्दाने डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते जवळजवळ पूर्णपणे या शेवटच्या रांगेतले आहे.

विभागून करण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्याभोवती गैरसमज फार आहेत. हेरमान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, ठरावीक काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचे, अशी त्याची रीत होती. एका दिवसानंतर श्रमांची बचत सुमारे एक तृतीयांश उरली, महिनाभराने सुमारे एक पंचमांश. यावरून ‘माणूस एका दिवसात ६६ टक्के विसरतो’ असे वाक्य शिकवणीवर्गांच्या भिंतीवर लावले जाते, ते बरोबर नाही. एबिंगहाउसने मोजली ती पुन्हा शिकतानाची बचत, आणि तीही अर्थहीन अक्षरांची. त्याच्या कामातली खरी आशादायक बाब वेगळीच आहे. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो, आणि विसरले असे वाटते तेही दुसऱ्यांदा शिकताना कमी कष्टात परत येते. मराठीत अशा दुसऱ्यांदा शिकण्याला उजळणी म्हणतात, आणि शब्द फार नेमका आहे. तांब्याचे भांडे उजळायचे ते त्याच्यावर काळपट थर चढू लागल्यावर. लख्ख भांडे पुन्हा पुन्हा घासून हात दुखण्यापलीकडे काही मिळत नाही. २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक लोकांवर अभ्यास आणि उजळणी यांतले योग्य अंतर मोजले. परीक्षा आठवड्यावर असेल तर पहिल्या अभ्यासानंतरची उजळणी एक-दोन दिवसांनी, आणि वर्षभर लक्षात ठेवायचे असेल तर तीन-चार आठवड्यांनी केलेली सर्वांत फलदायी ठरली. म्हणजे थोडे विसरायला लागल्यावर, पण पूर्ण विसरण्याआधी. यातही समाधान आणि फळ यांची फारकत आहेच. १९७८ मध्ये ॲलन बॅडली आणि डी. लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना पाहिले, की रोज एकच तास शिकणारा गट एकूण सर्वांत कमी तासांत शिकला, आणि शिकण्याविषयी सर्वांत असमाधानीही तोच राहिला. त्यांना वाटत होते, आपण मागे पडतो आहोत.

आता सुरुवातीच्या पारायणाकडे, म्हणजे वेदपाठशाळेकडे. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला आजही संथा चालते. गुरूने एक चरण एकदा म्हणायचा, शिष्याने दोनदा म्हणायचा. चूक झाली की तिथल्या तिथे थांबवून सुधारायचे, आणि मग आवृत्त्या. माध्यंदिन शाखेत स्वरांप्रमाणे हातही हलतो, त्यामुळे कानाबरोबर शरीरही त्या शब्दाचे साक्षीदार होते. पण या परंपरेचे खरे कसब विकृतिपाठांत, म्हणजे शब्दांचा क्रम ठरावीक रीतीने फिरवून म्हणण्यात आहे. एक साधे वाक्य घेऊ : गोदावरी त्र्यंबकहून नाशिकला येते. क्रमपाठात ते असे होईल : गोदावरी त्र्यंबकहून, त्र्यंबकहून नाशिकला, नाशिकला येते. जटापाठात पहिली जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट : गोदावरी त्र्यंबकहून, त्र्यंबकहून गोदावरी, गोदावरी त्र्यंबकहून. घनपाठात त्यापुढे तिसरा शब्द येतो : गोदावरी त्र्यंबकहून, त्र्यंबकहून गोदावरी, गोदावरी त्र्यंबकहून नाशिकला, नाशिकला त्र्यंबकहून गोदावरी, गोदावरी त्र्यंबकहून नाशिकला. मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा सारे पहिल्यापासून. देवव्रतच्या पारायणातला दंड हाही अशा आठ विकृतींपैकी एक. हे मोठ्याने म्हणून पाहिले तर लगेच जाणवते, की यात झोपेत म्हणता येण्यासारखे काही नाही. सरळ म्हणताना एक शब्द पुढच्याला ओढून आणतो आणि जीभ आपोआप चालते. उलट म्हणायचे तर प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे आठवावा लागतो, आणि गळलेला शब्द दहा जागी उघडा पडतो. हे वाचन नव्हे, सतत घेतलेली चाचणी आहे. शिवाय अनध्यायाच्या तिथींना नवा पाठ द्यायचा नाही असा दंडक होता, म्हणजे नव्या भराला मध्ये मध्ये विसावाही ठरलेला होता. कोणाही प्रयोगशाळेच्या आधी, अनुभवाने तावूनसुलाखून, या मंडळींनी आठवून म्हणणे, ऐकणाऱ्याने लगेच सुधारणे आणि वर्षानुवर्षे आवृत्ती राखणे, या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या.

मात्र या परंपरेच्या पुराव्याचा अर्थ लावताना भान हवे. जेम्स हार्ट्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ वैदिक पंडितांच्या मेंदूची प्रतिमाचित्रे इतर २१ जणांशी ताडून पाहिली आणि स्मृतीशी संबंधित भागांसह मेंदूच्या अनेक भागांत लक्षणीय फरक नोंदवला. पाठांतरामुळे मेंदू घडला, की तसा मेंदू असलेलेच टिकले, हे त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. वेदपाठ म्हटल्याने भूगोल लक्षात राहू लागतो असा दावा कोणी केला तर त्याला आधार नाही. सरावाने येते ते त्या त्या विषयातले कौशल्य. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही विद्या कोणासाठी खुली होती? ज्या पंचवटीत संथा घुमत होती त्याच पंचवटीत २ मार्च १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. पद्धत उत्तम आणि दार बंद, अशी ती गोष्ट. म्हणून संथेतले काय घ्यायचे, याचे उत्तर मला स्पष्ट दिसते : तिची घडण घ्यावी आणि ती सर्वांच्या हाती द्यावी.

आणि स्मृतीची परंपरा काही एकट्या वेदपाठशाळेची नाही. सुरगाणा-पेठच्या डोंगरात कोकणा समाजात थाळगान चालते. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात. गाणारा ती काडी ओल्या बोटांनी वरून खाली ओढत राहतो, तिच्यातून एकसारखा घुमणारा नाद निघतो, आणि त्या नादावर कणसरीची, म्हणजे धान्यमातेची कथा रात्रभर सांगितली जाते. पोथी नसते, कागद नसतो. कथा पुढच्या पिढीत जाते ती शेजारी बसून, साथ धरून. वारकरी कीर्तनात टाळकऱ्यांच्या ओठांवर शेकडो अभंग असतात आणि त्यांतले कित्येक जण शाळेत फार शिकलेले नसतात. घरोघरी दिवेलागणीला परवचा म्हणत : पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आज दहावीच्या मुलालाही औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे सांगावे लागते. परवचाही पुस्तक मिटूनच म्हणायचा असे. ज्या समाजातले वडीलधारे रात्रभर कथा सांगू शकतात त्याच समाजातल्या मुलाला शाळेत ‘याच्या डोक्यात काही राहत नाही’ असे ठरवले जाते, तेव्हा दोष डोक्यात शोधणे मला अन्यायाचे वाटते.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. पाठांतराचे हे गोडवे म्हणजे पुन्हा घोकंपट्टीकडे जाणे नव्हे काय? महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमातून ज्ञानरचनावादाचा प्रसार केला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीवर टीका केली. हे सारे योग्य कारणासाठी झाले. अर्थ न कळता केलेले पाठांतर प्रश्न जरा फिरवून विचारला की कोलमडते, आणि पोपटपंचीने दोन-तीन पिढ्यांचे नुकसान केले हे खरेच आहे. पण घोकंपट्टी आणि आठवून पाहणे यांना एकच समजून आपण दोन्ही टाकून दिले. घोकताना एकच वाक्य लागोपाठ वीस वेळा म्हटले जाते, त्यात पहिल्या दोन वेळांनंतर काहीच आठवावे लागत नाही, ते जिभेवरच असते. आठवून पाहताना मधे वेळ गेलेला असतो, पुस्तक मिटलेले असते, आणि आपल्या शब्दांत मांडणी उभी करावी लागते. २०११ मध्ये कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांनी विज्ञानाचे उतारे देऊन पाहिले. एका गटाने पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते, आणि केवळ माहितीच्या प्रश्नांत नव्हे, अनुमान काढायच्या प्रश्नांतही. समजणे आणि आठवणे यांचे वैर नाही. मनाच्या पुढच्या ओसरीवर एका वेळी चार-पाच गोष्टींनाच जागा असते. सातचा पाढा आठवायला त्यातली निम्मी जागा गेली तर उदाहरणाचा विचार करायला उरते काय? ‘सगळे मोबाइलवर मिळते, पाठ कशाला?’ या आक्षेपालाही हेच उत्तर आहे. मोबाइलवर उत्तर मिळते, पण काय विचारायचे आणि आलेले उत्तर खरे वाटते की नाही, हे आधीच डोक्यात असलेल्या गोष्टींवरून ठरते.

प्रत्यक्ष धड्यावर हे कसे दिसेल? बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे. लक्षात न राहण्याची तक्रार करणारा विद्यार्थी इथे हमखास अडतो, कारण दोन जोड्या एकमेकींत मिसळतात : वस्तुमान आणि वजन, मोठा G आणि लहान g. पाठ पाच वेळा वाचूनही हा गोंधळ जात नाही, उलट दर वेळी ‘हो, हे माहीत आहे’ असे वाटते. त्याऐवजी पाठ एकदा नीट समजून वाचावा, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर लिहावे : हे चार शब्द काय आहेत, त्यांतले जागेप्रमाणे बदलते कोणते, आणि का. g ध्रुवावर जास्त की विषुववृत्तावर? उत्तर अडले तर अडू द्यावे, मिनिटभर झगडावे, मगच पुस्तक उघडावे. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, तिथे आपण केंद्राच्या जवळ असतो, म्हणून तिथे g अधिक, सुमारे ९.८३, आणि विषुववृत्तावर सुमारे ९.७८. हे कारण झगडल्यानंतर वाचले की बसते. चुकलेल्या जागी लाल खूण करावी, कागदावर तारीख घालावी. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, मग आठवड्याने, मग महिन्याने. आणि पुढच्या खेपेला फक्त गुरुत्वाकर्षणाचीच उदाहरणे न घेता विद्युतधारेची, भिंगांची उदाहरणे मिसळून घ्यावीत. एकाच प्रकारची दहा उदाहरणे ओळीने सोडवताना कोणते सूत्र वापरायचे हा प्रश्नच उरत नाही, आणि परीक्षेत पहिला प्रश्न तोच असतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हे पाहिले. सरावाच्या वेळी एकेक प्रकार ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उदाहरणे बरोबर होती आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने तेच आकडे अनुक्रमे २० आणि ६३ झाले.

या सगळ्याला एक अट आहे, आणि नाशिक जिल्ह्यात ती फार महत्त्वाची आहे. जे कळलेच नाही ते आठवणार कसे? पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांत येणाऱ्या कितीतरी मुलांची घरची बोली कोकणा, वारली, भिल्ली अशी असते आणि पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी त्यांना अर्धी परकी असते. त्यांना एका वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आशयही आणि भाषाही. भाषेचा हा भार आपल्या नजरेतून किती सुटतो, हे २०१९ मध्ये दिसले. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ अशी संख्यावाचनाची रीत आली आणि राज्यभर थट्टा सुरू झाली. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की त्रेसष्ट, त्र्याहत्तर असे जोडाक्षरी आणि बेभरवशाचे शब्द लहान मुलांना अवघड जातात. मराठीत शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला वेगळे नाव आहे, आणि एकोणतीस म्हटले की तोंडात तीस येतात, लिहायचे असतात दोन आणि नऊ. ती रीत पटो न पटो, तिच्या मुळाशी असलेला विचार मला मोलाचा वाटतो : आठवण्याचे ओझे मुलावर टाकण्याआधी ते हलके करता येते का, हे मोठ्यांनी पाहावे. आश्रमशाळेत पहिल्यांदा धड्याचा आशय बोलीत सांगून घेणे आणि मग प्रमाण शब्द त्याला जोडणे, हे स्मरणाच्याच बाजूचे काम आहे.

बाजारात मिळणाऱ्या बाकीच्या उपायांविषयी थोडक्यात. आद्याक्षरांचे शब्द, मनातल्या घरात वस्तू मांडून ठेवणे अशा युक्त्या खऱ्या आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेसाठी शरीररचनेतली नावे क्रमाने पाठ करणाऱ्याला त्यांचा आधार होतो. पण त्या यादीपुरत्या उपयोगी पडतात, कार्यकारणाचा धडा त्यांत मावत नाही. मूल ‘डोळ्यांनी शिकणारे’ की ‘कानांनी शिकणारे’ हे ओळखून तसे शिकवावे, या लोकप्रिय कल्पनेचे पुरावे हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासले, तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. झोपेचे मात्र उलटे आहे. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दाखवले, की पाठ केल्यावर झोपलेल्या माणसाला तेवढाच वेळ जागा राहिलेल्यापेक्षा जास्त आठवते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण म्हणूनच दुहेरी नुकसानीचे.

काही मुलांच्या बाबतीत हे सारे पुरेसे नसते, हे मान्य करायलाच हवे. अध्ययन अक्षमता हे खरे कारण असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान्यता दिली आहे, आणि अशा मुलाला तपासणी, सवलती आणि प्रशिक्षित मदत मिळायला हवी. ‘अजून सराव कर’ हा सल्ला त्याच्यासाठी छळ ठरतो. नजर अधू असणे, कमी ऐकू येणे, रक्ताल्पता, घरातली भीती, यांपैकी काहीही मागच्या बाकावर ‘विसरभोळेपणा’ म्हणून दिसू शकते. पद्धत बदलून दोन-तीन महिने मनापासून करूनही फरक पडत नसेल तर मुलाला बोल न लावता तपासणीकडे वळावे.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा असतो. वर्गात पन्नास-साठ मुले, प्रत्येकाचे कोण ऐकणार? आणि रोज चाचणी म्हणजे रोजची भीती नव्हे का? भीतीचे कारण गुण आहेत, प्रश्न नव्हेत. ज्या चाचणीचे गुण कुठेच लिहिले जात नाहीत, जिचा कागद मूल स्वतःच तपासते आणि स्वतःपाशी ठेवते, तिला भ्यायचे कारण उरत नाही. पुन्हा पुन्हा विचारले गेल्याने परीक्षेच्या दिवशीचा प्रश्नही परका वाटत नाही. ऐकण्याचे म्हणाल तर संथेत ऐकायला गुरू लागे, कारण उच्चाराचा एक काना चुकून चालत नसे. गुरुत्वाकर्षणाचा पाठ ऐकायला शेजारचे मूल पुरते. एकाच्या हाती उघडे पुस्तक, दुसऱ्याचे मिटलेले. दहा मिनिटांनी अदलाबदल. ऐकणाऱ्यालाही फायदा होतो, कारण चूक पकडण्यासाठी त्याला लक्ष द्यावे लागते. गोवर्धन परिसरात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तर शेजारचे बाकही नसते. नोकरी, शेती, घरकाम उरकून शिकणाऱ्या बाईला दिवसाकाठी वीस मिनिटे मिळतात, आणि अपराधी वाटते की आपण सलग बसू शकत नाही. तिला हे कोणीतरी सांगायला हवे, की रोजची सुटी वीस मिनिटे रविवारच्या सलग अडीच तासांपेक्षा तिच्या कामाची आहेत, फक्त त्यांतली पहिली सात-आठ मिनिटे पुस्तक न उघडता कालचे आठवण्यात जावीत. घरात शिकलेले माणूस नसले तरी चालते. न शिकलेली आईसुद्धा विचारू शकते : ‘आज काय शिकलास ते मला सांग, पुस्तक न बघता.’ समजले नाही तर ‘म्हणजे काय?’ असे विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि मुलाला ते सोपे करून सांगावे लागणे हाच त्याचा अभ्यास.

निवासी आश्रमशाळांना तर यातली सर्वांत अवघड गोष्ट, म्हणजे वेळ आणि सोबत, आधीच मिळालेली आहे. मुले संध्याकाळी तिथेच असतात. जेवणाआधीच्या अर्ध्या तासात परवचासारखे गोल बसवून, पाढ्यांबरोबर परवाच्या इतिहासाचे, गेल्या आठवड्याच्या विज्ञानाचे, मागच्या महिन्याच्या कवितेचे प्रश्न घेता येतील. उत्तर आधी बोलीत आले तरी चालेल, मग प्रमाण मराठीत. नवी साधने लागणार नाहीत. प्रत्येक इयत्तेला एक वही, तिच्यात दिवसाला पाच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नासमोर तो पुन्हा कधी विचारायचा त्याच्या तीन तारखा.